शिडीवरची चिंधी

आमच्या घरात आजही कुणी शिडी लावली की मी हातातलं काम टाकून तिथं जाऊन उभी राहते. पंखा पुसायचा असो, नाहीतर माळ्यावरचा डबा काढायचा असो. शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब आहे ते मी पावलं टाकून बघते, खालची फरशी ओली तर नाही ना ते हात लावून बघते, आणि वर चढलेल्याशी कुणी गप्पा मारायला लागलं तर त्याला असं काही झापते की तो पुन्हा माझ्या वाट्याला जात नाही. नातवंडं मला ठाणेदारीण म्हणतात. म्हणोत. मला शिडीचा राग आहे असा त्यांचा समज आहे. शिडीचा नाही, माझा स्वतःचा आहे, आणि तो इतकी वर्षं होऊनही जरासुद्धा निवला नाही.

आमचं गाव ढाणकीपासून दोन कोसांवर. गावाच्या एका अंगाला आमची वस्ती, मोजून चौदा घरं, एकमेकांना इतकी चिकटलेली की एका घरावरून दुसऱ्या घरावर मांजरच काय, माणूसही जाऊ शकत असे. सगळ्या वस्तीत शिडी एकच, ती आमची. बानं ती ढाणकीच्या बाजारात बुरडाशेजारी दिवसभर बसून, एकेक बांबू वाजवून घेत करवून आणली होती. बारा पायऱ्यांची. बा एरवी दुसऱ्याच्या वावरात राबायचा, मान खाली घालून जायचा-यायचा. पण उन्हाळा सरत आला की तो वेगळाच माणूस व्हायचा. वर्षभर माकडं छपरांवर उड्या मारून कवेलू, म्हणजे कौलं, फोडत, मांजरी ते सरकवून ठेवत. मिरगाच्या आधी अख्खं छप्पर उकलायचं, फुटके कवेलू काढायचे, खालचा पालापाचोळा झाडायचा आणि पुन्हा एकेक कवेलू बसवायचा, याला आमच्याकडे कवेलू फेरणं म्हणतात. बाच्या हातचं छप्पर गळत नसे. वस्तीतली म्हातारी माणसंही त्या महिन्याभरात त्याला अहो-जाहो करत. गरिबाला एवढा तोरा पुरतो, बाला तर भरपूर पुरायचा.

शिडीच्या बाबतीत तो भारी कडक. फार उभी लावली की ती माणसाला मागं फेकते, फार तिरपी लावली की पायाखालून निघून जाते, हे त्यानं मला मी परकरात असल्यापासून ऐकवलं होतं. खाली एक जण पहिल्या पायरीवर पाय देऊन उभा पाहिजेच. हात बाजूच्या बांबूला धरायचा, पायरीला नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शिडीवर बोलायचं नाही. खालच्यानं वरच्याला काही विचारायचं नाही, वरच्यानं उत्तर द्यायचं नाही. एकदा मायनं खालून विचारलं, भाकरी टाकू का आत्ताच, तर तो अर्ध्या शिडीवर गप्प उभा राहिला, सावकाश उतरला, आणि मग म्हणाला, "टाक. पन बोलाचं असन त मानूस उतरल्यावर बोलत जा."

या सगळ्यात बायकांच्या वाट्याला काम एकच, शिडी धरणं. चढायचं पुरुषांनी. आम्ही खाली उभं राहून मान मोडेस्तोवर वर बघायचं. शिडीत काय गोम आहे ते चढणाऱ्याला माहीत असायचं, धरणारीला सांगायची गरज कुणाला वाटली नाही. याचा मला अजूनही संताप येतो. पण तो माझ्या चुकीवर पांघरूण घालायला पुरत नाही, हेही मला कळतं.

छप्पन सालच्या दसऱ्याला बा वस्तीतल्या माणसांबरोबर नागपूरला गेला आणि पांढरं धोतर नेसून, दीक्षा घेऊन परत आला. मी तेव्हा तेरा वर्षांची. येताना त्यानं माझ्यासाठी छापलेला एक कागद आणला, कारण वस्तीत चौथी झालेली मुलगी मी एकटी होते. रोज संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमत आणि मी त्यांना प्रतिज्ञा वाचून दाखवी. बा सगळ्यांच्या मागं बसायचा. त्याच्या तोंडावरचं ते हसू मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. तो म्हणायचा, "आता कोनी म्हनलं म्हनून नाही कराचं. आपल्या डोक्शानं इचार कराचा, मंग कराचं."

देव्हाऱ्यातले टाक मायनं आपल्या हातानं पैनगंगेत सोडले. ती रडत होती, पण सोडले. मग घराची पाळी आली. बा वावरात गेलेला, माय शेजारणीबरोबर सरपणाला. मी एकटीच घरात, आणि अंगात नवं वारं शिरलेलं. चौकटीवरची काळी बाहुली काढली. बिब्बा काढला. बकरीच्या गळ्यातला गंडा काढला, तर ती मला शिंग मारायला धावली. माझ्या दंडावरचा ताईत तोडला. आणखी काय राहिलं म्हणून घराला फेरी मारली, तर वळचणीला आडव्या टांगलेल्या शिडीला एक काळी चिंधी दिसली. तेलकट, कडक झालेली, एका पायरीला तीन वेढे देऊन बांधलेली. मला वाटलं, दारावर जशी नजर लागू नये म्हणून बांधतात तशी शिडीवर बांधली असेल. गाठ इतकी घट्ट की बोटांनी सुटेना. मग दातांनी सोडली. तोंडात खारट चव आली, ती मी थुंकून टाकली. सगळं गोळा करून चुलीत घातलं.

संध्याकाळी बाला सांगितलं, "बा, घरातली एकून एक चिंधी सोडली म्या."

"कोंबडीच्या पायातली?" त्यानं मस्करी केली.

"ते दोरा नाही, ते तिची खून हाय. शेजारच्या कोंबड्यांत मिसयते म्हनून बांधली मायनं."

"मंग ठीक. नाहीतर माही मास्तरीन तेही सोडून राह्यली असती," असं म्हणून त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. कोंबडीच्या पायातली चिंधी ही खूण आहे हे मला कळत होतं. शिडीवरची कळली नाही. आणि शिडीचं त्या घटकेला त्यालाही आठवलं नाही, हे मी पुढं हजारदा स्वतःला समजावून बघितलं.

हिवाळाभर शिडी वळचणीलाच टांगलेली राहिली. दीक्षेनंतरचा पहिला उन्हाळा आला. वैशाखी पौर्णिमा चार दिवसांवर होती, वस्तीत सगळ्यांनी घरं पोतायला काढलेली. कुणाच्या अंगावर चुना, कुणाच्या डोक्यात चुना. त्या दिवशी बा सकाळी शेजारच्या घराचे कवेलू फेरायला त्यांच्या भिंतीवरून वर चढला, तिथलं काम उरकून वरच्या वरच आमच्या छपरावर आला. दुपारपर्यंत आमचंही अर्धं झालं. ऊन असं होतं की कवेलूवर हात ठेववत नव्हता. त्यानं वरून टाळी वाजवली. शिडी लाव, याची ती खूण.

मी शिडी काढली. नेहमीसारखी लावली, फार उभी नाही, फार तिरपी नाही. खालची जमीन बघितली. पहिल्या पायरीवर पाय दिला, दोन्ही बांबू घट्ट धरले. एकही गोष्ट विसरले नाही, याचा मला त्या क्षणी अभिमानसुद्धा वाटला होता. बा पाठमोरा उतरायला लागला. एका हातानं बांबू धरलेला, दुसऱ्या हातानं खांद्यावर फुटक्या कवेलूंची टोपली सांभाळलेली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. पाय खाली आला, पायरीवर टेकला, आणि जरासा थांबला. तळवा पायरीवर इकडून तिकडं फिरला. तो काहीतरी शोधत होता हे मला खालून दिसलं. काय शोधतोय ते मला कळलं नाही. विचारावं असं वाटलं, पण शिडीवर बोलायचं नाही.

मग त्यानं भार टाकला आणि पायरी मोडली.

मोडता मोडता त्यानं खांद्यावरची टोपली जोरानं पलीकडं फेकली, म्हणजे ती माझ्या डोक्यात पडू नये. त्यापायी त्याचा दुसरा हातही सुटला. तो अंगणातल्या पाट्याच्या दगडावर कमरेनं आदळला. असा आवाज मी त्यानंतर कधी ऐकला नाही. मी अजून शिडी धरूनच उभी होते.

माणसं धावत आली. शेजारच्या म्हाताऱ्या आजानं मोडकी शिडी उचलून बघितली आणि पहिला प्रश्न तोच केला, "अबे, वरून चौथ्या पायरीले चिंधी होती ना? कुठी गेली?"

तेव्हा मला कळलं. दोन वर्षांपूर्वी त्या पायरीला चीर गेली होती. एक पायरी बदलायची तर सगळी शिडी उकलावी लागते, म्हणून बानं तिला चिंधी बांधून ठेवली. चढताना डोळ्यांना दिसते. उतरताना पाठमोऱ्या माणसाला खालचं दिसत नाही, म्हणून ती तळव्यासाठी. पायाला कापड लागलं की ती पायरी सोडायची आणि पुढची घ्यायची. वस्तीतल्या एकूण एक पुरुषाला हे ठाऊक होतं. बाच्या तळव्याला कापड लागलं नाही, म्हणून त्याला वाटलं आपण मोजायला चुकलो, चौथी अजून खाली आहे.

मायनं माझ्याकडं बघितलं. ती काही बोलणार, तेवढ्यात जमिनीवर पडलेला बा म्हणाला, "म्या सोडली चिंधी."

"तुवा? कायले?" आजा ओरडला.

"दीक्षा घेतली ना. मंग चिंध्या कायले ठेवाच्या," असं म्हणून त्यानं डोळे मिटले. त्याच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. एवढ्या दुखण्यात माणसाला कण्हायला सुचत नाही, त्याला खोटं बोलायला सुचलं. मी जवळच उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं.

बैलगाडीनं उमरखेड, तिथून यवतमाळचा सरकारी दवाखाना. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं उगीच आशा लावली नाही. दोन महिन्यांनी बा घरी आला तो कमरेखाली अधू होऊन. बसता यायचं, हातांवर सरकता यायचं, उभं राहता यायचं नाही.

गावातल्या लोकांना तर विषयच मिळाला. देव सोडले, म्हणून देवानं पाडलं. विहिरीवर बायका मायला ऐकू जाईल अशा बेतानं बोलत. माय घरी येऊन रडे, टाक परत करवून आणू का म्हणे. बा खाटेवरून सांगायचा, "देवानं नाही पाडलं. बांबू सडका होता अन् अक्कल कमी होती. दोन्ही माहेच." आणि वस्तीतल्या माणसांनी मग ते धरून ठेवलं. वाईट माणसं नव्हती ती, आमच्या घरी आळीपाळीनं दाणे आणून टाकणारी माणसं. पण हसायला कुणाला आवडत नाही. ज्यानं सगळ्या वस्तीला शिडी शिकवली त्यानंच खुणेची चिंधी नजरेची समजून सोडली, हा किस्सा लग्नात, बारशात, ढाणकीच्या बाजाराच्या वाटेवर सांगितला जाई. कुणी बिनडोकपणा केला की म्हणत, "चिंधी सोडली का बे?" बाही त्यांच्यात हसायचा. ज्या एका गोष्टीचा त्याला तोरा होता तिचं लोकांनी हसं केलं, आणि तो अंबाडीचे दोर वळत खाटेवर बसून त्यांना हसायला मदत करायचा.

मायचा जीव तर शेवटपर्यंत त्या टाकांत अडकून राहिला. आपण ते आपल्या हातानं नदीत सोडले म्हणून आपला माणूस पडला, असं तिच्या मनानं धरलं होतं. एक खोटं बा माझ्यासाठी बोलला आणि ते दोघांनीही भोगलं, तो हसण्यावारी आणि ती भीतीत. मी जेवत होते, झोपत होते, शाळेत जात होते.

पुढच्या उन्हाळ्यात कवेलू कोण फेरणार हा प्रश्न आला. बानं शिडी उकलून मोडकी पायरी बदलून घेतली होती. मला म्हणाला, "चढ."

"म्या?"

"तुले हात नाहीत का पाय नाहीत?"

वस्तीत पोरगी छपरावर चढलेली तोवर कुणी बघितली नव्हती. पुन्हा बोलणी झाली. बानं खाट अंगणात ओढवून घेतली आणि तिथून मला शिकवलं. खांद्यावर ओझं घेऊन उतरायचं नाही, टोपली दोरीनं सोडायची. कवेलू तापायच्या आत खाली यायचं. उतरताना पाय टेकवायचा, थांबायचं, मग भार टाकायचा. "पाय आधी इचारते, मंग बसते. घाई नोको करू," तो म्हणायचा. सहा उन्हाळे मी आमचं घर फेरलं, मग शेजारचं, मग आणखी कुणाकुणाचं. दर वर्षी पहिल्या दिवशी शिडीला हात लावताना मी ठरवायची, आज सांगायचं. त्याला एकट्याला नाही, सगळ्यांच्या देखत. दर वर्षी कवेलू संपत, पाऊस येई, आणि मी कधी परीक्षा, कधी बाचं दुखणं असं काहीतरी कारण काढून गप्प बसत असे. लाज वाटायची. आणि खरं सांगायचं तर, त्याची लाडकी मास्तरीण राहायला मला आवडत होतं.

शेवटच्या उन्हाळ्यात बा फार खंगला होता. तरी कवेलू फेरायच्या दिवशी त्यानं हट्ट धरला, शिडी मी धरतो. माय नको म्हणाली, त्यानं ऐकलं नाही. मी उतरायच्या वेळी मायनं शिडी लावली, तो भिंतीला पाठ लावून शिडीच्या पायथ्याशी बसला आणि दोन्ही हातांनी बांबू धरले. सकाळी चढताना माझा पाय शिडीला लागलाच नव्हता. मी नेहमीसारखी शेजारच्या भिंतीवरून गेले होते, कारण त्यांचं छप्पर आधी करायचं होतं. ऊन चढायला लागलं तशी आमच्या वळचणीशी आले, टोपली दोरीनं खाली सोडली, आणि पाठमोरी उतरायला लागले. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीवर पाय टेकवला, आणि तळव्याला कापड लागलं.

मी जागीच थिजले. मान वळवून बघितलं. त्याच्या धोतराची पांढरी चिंधी, तीन वेढे, घट्ट गाठ. शिडी वळचणीला खाली ठेवलेली असताना तो सरकत सरकत तिथपर्यंत गेला असणार, एकेक पायरी बोटांनी चाचपून बघितली असणार, आणि नवी चीर सापडल्यावर बांधली असणार. मला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नाही, हिला आता कळतं, असं त्यानं धरलं होतं.

"थांबली काहून?" तो खालून म्हणाला. आपला नियम त्यानं त्या दिवशी आपणच मोडला. "ते सोड. तिच्या खालची भक्कम हाय."

माझ्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तोंडात तीच खारट चव आली. मी म्हटलं, "बा, ते चिंधी म्या..."

"शिडीवर नोको बोलू," तो म्हणाला. "उतर आधी."

मी उतरले. जमिनीवर पाय टेकले तरी त्यानं बांबू सोडले नव्हते. मान वर करून माझ्याकडं बघत होता. सहा वर्षांत तो इतका वेळ माझ्याकडं कधी बघत बसला नव्हता.

"सांग आता. काय म्हनून राह्यली होती?"

शेजारचा म्हातारा आजा तिथंच ओसरीवर बसला होता, माय दारात उभी होती. ज्यांना सांगायचं ती सगळी माणसं हजर होती.

"काही नाही," मी म्हटलं. "ऊन लागलं डोयाले."

"बरं," तो म्हणाला, आणि बांबू सोडले.

श्रावणात तो गेला. त्याला माती देऊन आल्यावर माणसं आमच्या अंगणात बसली. कुणीतरी प्रेमानंच त्याची आठवण काढली, कसा कामाचा माणूस होता, कसं छप्पर बांधायचा, आणि तरी काय वेड्यासारखी शिडीची चिंधी सोडून बसला. दोघे-तिघे रडता रडता हसले. मी त्यांना पाणी वाटत होते. सगळ्यांना दिलं आणि रिकामा तांब्या घेऊन आत आले.

बाचे बाकी सगळे नियम मी आजवर पाळले, दुसऱ्यांकडून पाळून घेतले. शिडीवर बोलायचं नाही, एवढंच त्यानं सांगितलं होतं. उतरल्यावर बोलायला त्यानं कधीच मनाई केली नव्हती.